विमान कंपनीचा वैमानिक होण्यासाठी परवडणारा शिक्षणमार्ग कसा आखावा

वैमानिकाचे शिक्षण महाग असते हे सर्वांना ठाऊक असते, परंतु ते नेमके कशामुळे महाग होते याचा शोध प्रवेशापूर्वी फार थोडे विद्यार्थी घेतात. इंजिन चालू असलेल्या विमानाचा प्रत्येक तास इंधन, देखभाल, विमा आणि प्रशिक्षकाचे मानधन यांच्यावर चालतो, त्यामुळे त्या तासाचा दर विद्यार्थ्याला फारसा खाली आणता येत नाही. त्याच्या हाती दोनच गोष्टी असतात: किती तास वाया जाऊ द्यायचे, आणि कोणता पैसा कोणत्या क्षणी खर्च करायचा. सारख्याच पात्रतेच्या दोन विद्यार्थ्यांच्या एकूण खर्चात मोठी तफावत पडते ती बहुतेक वेळा याच दोन गोष्टींमुळे. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्या क्रमाला त्यांतील मजकुराइतकेच महत्त्व आहे.

पहिला टप्पा: परवाना कोणत्या देशाचा, हे आधी ठरवा

वैमानिकाचा परवाना एखादी संस्था देत नाही, तो त्या देशाचा विमान वाहतूक नियामक देतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे, म्हणजे आयकाओचे, १९३ सदस्य देश आहेत आणि शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टात परवान्यांचे किमान निकष दिलेले आहेत. त्यामुळे सर्व देशांतील शिडी साधारण सारखीच दिसते. पहिली पायरी खासगी वैमानिक परवान्याची, म्हणजे पीपीएलची. त्यासाठी किमान ४० तास, आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकल्यास ३५ तास लागतात. पुढे व्यावसायिक परवाना, म्हणजे सीपीएल. त्यासाठी वय किमान १८ वर्षे आणि उड्डाण २०० तासांचे, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात १५० तासांचे. सर्वांत वर एटीपीएल, म्हणजे विमान कंपनीच्या कॅप्टनला लागणारा परवाना; त्यासाठी वय २१ वर्षे आणि १,५०० तास. याशिवाय ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे उडण्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि दोन इंजिनांच्या विमानासाठी मल्टी इंजिन रेटिंग ही घ्यावी लागतात.

शिडी सारखी असली तरी एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, आणि अनेकांचे अंदाजपत्रक याच ठिकाणी कोसळते. अमेरिकेचा सीपीएल घेतलेल्या व्यक्तीला युरोपीय परवाना हवा असेल तर सिद्धान्ताच्या परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे इयासाच्या, व्यवस्थेतून बाहेर पडल्यामुळे ब्रिटिश आणि युरोपीय परवानेही आता वेगळे झाले आहेत. भारताबाहेर शिकून भारतात नोकरी करू इच्छिणाऱ्यालाही भारताच्या नियामकाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परीक्षा देऊन परवान्याचे रूपांतर करून घ्यावे लागते. तेव्हा परदेशातील तासाचा दर स्वस्त दिसला म्हणून तिकडे धाव घेण्यापूर्वी, त्या दरात रूपांतराच्या परीक्षा, रूपांतरासाठीचे उड्डाणतास, प्रवास, निवास आणि त्या काळात बुडणारे उत्पन्न हे सर्व मिळवून पाहावे. माझ्या मते निकष एकच असावा: जिथे राहण्याचा आणि काम करण्याचा कायदेशीर हक्क तुमच्याकडे आहे किंवा खात्रीने मिळणार आहे, त्या देशाचा परवाना आधी धरावा आणि शिक्षणाचे ठिकाण त्यानंतर शोधावे.

देशानुसार मधली वाटही बदलते, आणि त्याचा खर्चाशी थेट संबंध आहे. जगातील बहुतेक भागांत सीपीएल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि एटीपीएलच्या लेखी परीक्षा इतक्या शिदोरीवर सहवैमानिक म्हणून विमान कंपनीत प्रवेश मिळू शकतो. अमेरिकेत तसे नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ झालेल्या कोलगन एअरच्या अपघातानंतर २०१० साली कायदा झाला आणि २०१३ पासून प्रवासी विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही सामान्यतः १,५०० तासांचा एटीपी, म्हणजे तिथला एटीपीएल, परवाना आवश्यक ठरला. लष्करी वैमानिकांना ही मर्यादा ७५० तासांची आणि विमानविद्येची ठरावीक पदवी घेतलेल्यांना १,००० तासांची आहे. म्हणजे अमेरिकेत व्यावसायिक परवाना हातात आल्यानंतरही शेकडो तासांचे अंतर उरते, आणि ते अंतर बहुतेक जण प्रशिक्षक म्हणून नोकरी करत भरून काढतात. तिथे हा काळ कमाईचा असतो, परंतु परदेशी विद्यार्थ्याला तेथे काम करण्याची परवानगी मिळेलच असे नसते. हा फरक न समजता एका देशातील अनुभव दुसऱ्या देशातील योजनेवर लादल्यास हिशेब मुळातच चुकतो.

दुसरा टप्पा: पहिला पैसा वैद्यकीय तपासणीवर

व्यावसायिक वैमानिकाला प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे क्लास वन मेडिकल, लागते. ते नसेल तर उरलेल्या सर्व खर्चाला काहीच अर्थ उरत नाही. तरीही पन्नास तास उडून झाल्यावर, कर्जाचे दोन हप्ते उचलून झाल्यावर ही तपासणी करणारे विद्यार्थी असतात, कारण सुरुवातीच्या खासगी परवान्याला द्वितीय श्रेणीचे प्रमाणपत्र पुरते आणि संस्था त्यावर प्रशिक्षण सुरू करू शकते. नियम तशी मुभा देतो म्हणून ती घेण्यात शहाणपण नाही. जिथे आधी द्वितीय श्रेणी घेणे बंधनकारक आहे, उदाहरणार्थ भारतात, तिथे दोन्ही तपासण्या लागोपाठ उरकाव्यात आणि प्रथम श्रेणीचा निकाल हाती आल्यावरच संस्थेला मोठी रक्कम द्यावी.

तपासणीत दृष्टी, रंगज्ञान, श्रवणशक्ती, हृदयाचा आलेख, रक्त आणि लघवीच्या चाचण्या, फुप्फुसे, मज्जासंस्था आणि मानसिक आरोग्याचा पूर्वेतिहास पाहिला जातो. चष्मा असणे हा अडथळा नाही. ठरावीक मर्यादेत दृष्टी चष्म्याने किंवा लेन्सने पूर्ण सुधारत असेल तर प्रमाणपत्र मिळते, फक्त उड्डाणाच्या वेळी चष्मा वापरण्याची आणि एक जादा चष्मा जवळ ठेवण्याची अट येते. या कारणाने घाईघाईने लेझर शस्त्रक्रिया करून घेऊ नये, कारण शस्त्रक्रियेनंतर दृष्टी स्थिर होईपर्यंत थांबावे लागते आणि काही प्रकारांत गुंतागुंत निर्माण होऊ शकते. आधी विमान वैद्यकीय परीक्षकाचा सल्ला घ्यावा. रंगज्ञानाबाबत मात्र आशेवर राहू नये. रंगीत ठिपक्यांच्या इशिहारा चाचणीत अडचण आली तर आपल्या नियामकाने मान्य केलेल्या पुढील चाचण्या कोणत्या आहेत ते विचारून लगेच द्याव्यात, म्हणजे निर्णय काय तो पहिल्याच महिन्यात होईल.

जुनी शस्त्रक्रिया, दमा, फिट येणे, नैराश्यावरील औषधोपचार यांपैकी काही असेल तर कागदपत्रे घेऊन जावे आणि काहीही लपवू नये. लपवलेली गोष्ट नंतर उघड झाल्यास परवानाच धोक्यात येतो, उलट वेळेवर सांगितलेल्या कित्येक गोष्टींवर विशेष तज्ज्ञाच्या अहवालानंतर मार्ग निघतो. हे प्रमाणपत्र आयुष्यभर पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, तरुण वयात साधारणपणे दर १२ महिन्यांनी. त्यामुळे झोप, वजन आणि व्यसनमुक्ती या वैमानिकासाठी उपजीविकेच्या बाबी आहेत.

तिसरा टप्पा: शालेय शिक्षण, इंग्रजी आणि पदवीचा प्रश्न

आयकाओचे निकष विद्यापीठाच्या पदवीची मागणी करत नाहीत, परंतु देशाची आणि कंपनीची स्वतःची अट असू शकते. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय उत्तीर्ण असावे लागतात; वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेला विद्यार्थी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हे दोन विषय देऊन ती उणीव भरून काढू शकतो, आणि त्यासाठी होणारा खर्च संपूर्ण मार्गातील सर्वांत स्वस्त खर्चांपैकी एक आहे. इंग्रजीबाबत मात्र जगभर एकच मोजपट्टी आहे: आयकाओच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी पातळी आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी २००८ पासून लागू आहे. मातृभाषेतून शिकलेल्या विद्यार्थ्याने याचे दडपण घेऊ नये. रेडिओवरील संभाषण ठरीव शब्दांत होते आणि ते ऐकून ऐकून अंगवळणी पडते. पण अनपेक्षित प्रसंग साध्या इंग्रजीत सांगता यावा यासाठीचा सराव विमानात बसण्यापूर्वीच सुरू करावा. प्रशिक्षकाचे वाक्य न समजल्यामुळे हवेत गेलेली दहा मिनिटे ही सर्वांत महागडी इंग्रजीची शिकवणी ठरते.

पदवी घ्यावी का? अमेरिकेसारख्या देशात विमानविद्येची पदवी काही शे तास वाचवते, पण त्या पदवीची फी बहुधा वाचलेल्या तासांपेक्षा जास्त असते. इतरत्र, परवान्याचे शिक्षण चालू असताना दूरशिक्षणाने किंवा त्याआधी नेहमीच्या महाविद्यालयातून विमानोद्योगाशी संबंध नसलेली, स्वतःच्या पायावर उभे करणारी एखादी पदवी किंवा कौशल्य घेणे मला अधिक योग्य वाटते. हवाई वाहतुकीवर मंदी येते तेव्हा वैमानिक, हवाई सेवक आणि विमानतळावरील कर्मचारी या सर्वांवर ती एकाच वेळी येते. त्या वेळी त्याच क्षेत्रातील दुसरी पदवी आधार देऊ शकत नाही.

चौथा टप्पा: मार्गाची निवड

येथे शांतपणे विचार करावा लागतो, कारण पुढची काही वर्षे याच निर्णयावर चालतात.

सलग म्हणजे इंटिग्रेटेड अभ्यासक्रमात विद्यार्थी शून्यापासून व्यावसायिक परवान्यापर्यंत एकाच संस्थेत, पूर्ण वेळ, साधारण दीड ते दोन वर्षे शिकतो. त्यात तास कमी लागतात, शिस्त असते, आणि काही विमान कंपन्यांना असे विद्यार्थी आवडतात. परंतु संपूर्ण रक्कम थोड्या काळात उभी करावी लागते, नोकरी करता येत नाही, आणि मध्येच संस्था अडचणीत आली तर विद्यार्थीही अडकतो. दुसरा प्रकार तुकड्यातुकड्यांचा, म्हणजे मॉड्युलर. यात खासगी परवाना, रात्रीचे उड्डाण, सिद्धान्ताच्या परीक्षा, तास जमवणे, व्यावसायिक परवाना, इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी इंजिन रेटिंग हे घटक वेगवेगळे, हवे तर वेगवेगळ्या संस्थांत घेता येतात. एकूण तास २००च्या आसपास लागतात, म्हणजे सलग मार्गापेक्षा अधिक, तरी एकूण खर्च बहुधा कमी पडतो, कारण त्यांतील बरेच तास साध्या, लहान विमानात आणि प्रशिक्षकाविना भरता येतात आणि प्रत्येक घटकासाठी त्या वेळेचा योग्य दर शोधता येतो. कर्ज टाळू इच्छिणाऱ्या, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मी हाच मार्ग सुचवीन, मात्र एका अटीवर: प्रत्येक घटक सुरू केल्यावर तो सलग पूर्ण करण्याइतके पैसे हाती असले पाहिजेत. दोन घटकांमध्ये सहा महिने थांबले तर चालते. एका घटकाच्या मध्यावर थांबणे महागात पडते.

तिसरा मार्ग विमान कंपनीच्या कॅडेट योजनेचा. यात ‘कॅडेट’ हा शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो, आणि जाहिरात वाचताना तो फरक ओळखता यायला हवा. काही योजनांत कंपनी स्वतः शिक्षणाचा खर्च उचलते. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये सुरू केलेली स्पीडबर्ड अकादमी हे याचे उदाहरण. अशा योजनांत जागा थोड्या आणि स्पर्धा तीव्र असते, पण अर्ज करायला फार खर्च येत नाही, म्हणून वयाची आणि राहण्याच्या हक्काची अट पूर्ण होत असेल तर प्रत्येक वर्षी अर्ज करावा. दुसऱ्या प्रकारात कंपनीचे फक्त नाव असते, पूर्ण खर्च विद्यार्थी करतो, आणि शेवटी मिळते ते नोकरीचे सशर्त आश्वासन. हे वाईटच असते असे नाही. निवड आधी होत असल्यामुळे आपण या कामासाठी योग्य आहोत का, हे पैसे भरण्यापूर्वी कळते. परंतु ‘रिक्त जागा असल्यास’ हे शब्द करारात आहेत का, कंपनीने भरती थांबवल्यास परताव्याचे काय, आणि कॅडेट नापास झाल्यास उरलेली फी कोणाची, ही तीन उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय सही करू नये. अशा काही योजनांत बहुसदस्यीय चालकदलाचा परवाना, म्हणजे एमपीएल, दिला जातो. २००६ मध्ये आयकाओने आणलेल्या या परवान्यात किमान २४० तासांचे प्रशिक्षण असते आणि त्यातील मोठा भाग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रात, होतो. तो विशिष्ट कंपनीच्या गरजेनुसार आखलेला असल्यामुळे, ती कंपनी बाजूला झाल्यास तेवढ्यावर लहान विमानाची दुसरी नोकरी धरणे अवघड जाते.

हवाई दलाचा मार्ग खर्चाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त असला, तरी केवळ फी वाचवण्यासाठी कोणी तो घेऊ नये. तिथे उमेदीची अनेक वर्षे सेवेला द्यावी लागतात आणि ती सेवा हेच ध्येय असेल तरच ती वर्षे सत्कारणी लागतात.

पाचवा टप्पा: अंदाजपत्रक पैशांत नव्हे, तासांत मांडा

चलनाचे दर बदलतात, इंधनाचे दर बदलतात, जाहिरातीतील आकडे जुने होतात. म्हणून शिकाऊ विमानाचा एक तास हे माप धरून सर्व खर्च मांडण्याची सवय लावावी. हेडसेट किती तासांचा? एक फेरपरीक्षा किती तासांची? संस्थेजवळ राहण्याचा महिन्याचा खर्च किती तासांचा? असे मांडले की कोठे काटकसर करायची हे आपोआप दिसू लागते. पाऊस आणि धुके यांमुळे तीन महिने रखडलेल्या विद्यार्थ्याचा राहण्याचा खर्च हा पाहता पाहता कितीतरी उड्डाणतासांएवढा होतो, ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

नियमातील किमान तास हे अंदाजपत्रकाचे तास धरू नयेत. खासगी परवाना बरोबर ४० तासांत मिळवणारे विद्यार्थी थोडे असतात; ६० तासांच्या पुढे जाणारे पुष्कळ असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. एकूण तासांवर किमान १५ टक्के अधिक धरावेत, म्हणजे २०० तासांच्या योजनेत ३० तासांची रक्कम राखीव असावी आणि तिला शेवटपर्यंत हात लावू नये. याशिवाय परीक्षकाचे शुल्क, विमानतळावर उतरण्याचे शुल्क, नियामकाचे शुल्क, वैद्यकीय नूतनीकरण, नकाशे आणि पुस्तके, विमा, आणि शेवटी टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, ही बाब स्वतंत्र मांडावी.

दरांची तुलना करताना एका तांत्रिक गोष्टीकडे लक्ष द्यावे. काही संस्था हॉब्ज मीटरवर आकारणी करतात, म्हणजे इंजिन चालू असलेला प्रत्यक्ष वेळ मोजतात. काही टॅको मीटरवर करतात, जो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो आणि धावपट्टीकडे संथ जाताना हळू सरकतो. म्हणून टॅकोवरचा दर थोडा चढा दिसला तरी प्रत्यक्ष बिल कमी येऊ शकते. तसेच दर इंधनासह आहे की इंधनाविना, प्रशिक्षकाचे मानधन त्यात आहे का, उड्डाणापूर्वीच्या आणि नंतरच्या चर्चेचे वेगळे पैसे आहेत का, हे विचारल्याशिवाय दोन दर शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

सहावा टप्पा: संस्था पाहायला जाणे

संस्था प्रत्यक्ष पाहावी, आणि स्वागतकक्षापेक्षा हँगरमध्ये जास्त वेळ घालवावा. नोंदीवर किती विमाने आहेत हा प्रश्न विचारू नये. आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत आणि त्यांच्यामागे किती विद्यार्थी आहेत, हे विचारावे. दहा विमानांपैकी चारच उडत असतील आणि विद्यार्थी साठ असतील, तर स्वस्त दराचा काही उपयोग नाही, कारण तिथे तुम्ही वाट पाहण्याचे पैसे भरणार आहात. देखभाल तिथेच होते की विमान दुसरीकडे पाठवतात, गेल्या वर्षी किती प्रशिक्षक सोडून गेले, परीक्षक किती आठवड्यांनी उपलब्ध होतो, वर्षातील कोणत्या महिन्यांत उड्डाणे बंद राहतात, हे कार्यालयापेक्षा शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारावे. विशेषतः मध्यावर पोहोचलेल्या विद्यार्थ्यांशी बोलावे. नवख्याला उत्साह असतो आणि परवाना मिळालेला मागचे विसरलेला असतो. शंभराव्या तासाजवळचा विद्यार्थी खरे सांगतो.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: पूर्ण फी आगाऊ भरू नये, कितीही मोठी सवलत मिळत असली तरी. उड्डाण प्रशिक्षण संस्था एकाएकी बंद पडल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत आणि अशा वेळी आगाऊ रक्कम भरलेला विद्यार्थी इतर धनकोंच्या रांगेत शेवटी उभा असतो. थोडे थोडे तास भरत जावे, प्रत्येक भरण्याची पावती आणि प्रत्येक उड्डाणानंतर सही केलेली लॉगबुकची, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतील, नोंद स्वतःजवळ ठेवावी, आणि प्रशिक्षणाच्या नोंदींची प्रत दर महिन्याला मागून घ्यावी. संस्था बदलावी लागली तर हीच कागदपत्रे तुमचे तास वाचवतात.

सातवा टप्पा: जमिनीवर शिकता येईल ते हवेत शिकू नका

सिद्धान्ताच्या परीक्षा उड्डाणाच्या तुलनेत फार स्वस्त असतात, म्हणून शक्य तितक्या आधी द्याव्यात; मात्र त्यांच्या वैधतेचा हिशेब ठेवून. युरोपीय पद्धतीत एटीपीएलचे १३ विषय असतात, प्रत्येकात ७५ टक्के गुण लागतात, पहिल्या प्रयत्नापासून १८ महिन्यांत सर्व विषय सोडवावे लागतात, आणि त्यानंतर ३६ महिन्यांत व्यावसायिक परवाना व इन्स्ट्रुमेंट रेटिंग पूर्ण करावे लागते. भारतात डीजीसीएच्या हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षांत ७० टक्के गुण लागतात, आणि रेडिओचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. ज्याच्याकडे उड्डाणाचे पैसे दोन वर्षांनी येणार आहेत, त्याने परीक्षांचा मुहूर्त त्यानुसार धरावा, नाहीतर उत्तीर्ण झालेले विषय पुन्हा द्यावे लागतील.

प्रत्यक्ष उड्डाणाच्या काळात खर्च वाचवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सातत्य. आठवड्यातून तीन-चार वेळा उडणारा विद्यार्थी मागचा धडा जिथे संपला तिथून पुढे जातो. पंधरवड्यातून एकदा उडणाऱ्याची प्रत्येक तासातील पहिली पंधरा-वीस मिनिटे विसरलेले आठवण्यात जातात. तासाला पंधरा मिनिटे म्हणजे चाळीस तासांत दहा तास. म्हणून दर महिन्याच्या पगारातून दोन तास उडण्यापेक्षा वर्षभर पैसे साठवून दोन-तीन महिने सलग उडणे स्वस्त पडते.

उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी घरी खुर्चीत बसून, समोर कॉकपिटचे छायाचित्र लावून, प्रत्येक कृती हाताने आणि तोंडाने करून पाहावी: कोणता वेग, कोणती कळ, रेडिओवर कोणते वाक्य, इंजिन बंद पडल्यास पहिली हालचाल कोणती. या सरावाला एक पैसाही लागत नाही आणि अनुभवी प्रशिक्षक त्याचा फरक पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात. घरच्या संगणकावरील सिम्युलेटर उपकरणांवरील उड्डाणाच्या आणि मार्गनिर्देशनाच्या सरावाला फार उपयोगी आहे, पण त्याचे तास लॉगबुकात धरले जात नाहीत. नियामकाने मान्य केलेल्या सिम्युलेटरचेच, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत, धरले जातात. परवान्याच्या अगदी सुरुवातीला मात्र संगणकाचा अतिवापर टाळावा. तिथे नजर उपकरणांवर खिळण्याची सवय लागते आणि खऱ्या विमानात ती मोडायला पुन्हा तासच खर्च करावे लागतात.

आठवा टप्पा: तास जमवणे

खासगी परवाना आणि व्यावसायिक परवाना यांच्यामध्ये स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन उडण्याचे तास भरावे लागतात. आयकाओच्या निकषानुसार २०० तासांपैकी १०० तास असे असावे लागतात, आणि त्यात किमान ५४० किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर थांबून केलेला एक लांबचा प्रवासही येतो. बचतीची खरी संधी याच टप्प्यात आहे, आणि निष्काळजीपणाची भीतीही. विमानतळाभोवती घिरट्या घालून आकडा भरतो, पण शिकणे होत नाही. प्रत्येक उड्डाणाला एक उद्देश असावा: नवा विमानतळ, नियंत्रित हवाई क्षेत्र, आडवा वारा, वळणमार्गाची आखणी. क्लबचे सदस्यत्व घेऊन जुने, साधे, पण उत्तम देखभाल असलेले दोन आसनी विमान वापरावे; आधुनिक पडद्यांच्या महागड्या विमानाची गरज इन्स्ट्रुमेंट प्रशिक्षणापर्यंत सहसा पडत नाही. मित्रांसोबत खर्च वाटून उडण्याची मुभा अनेक देशांत आहे, परंतु आपल्या वाट्यापेक्षा अधिक पैसे प्रवाशांकडून घेतले की ते बेकायदा व्यावसायिक उड्डाण ठरते. त्यातून वाचलेले पैसे परवाना गमावण्याच्या जोखमीपुढे नगण्य आहेत.

जिथे ग्लायडिंग क्लब आहे तिथे त्याचा विचार जरूर करावा. इंजिन नसल्यामुळे ते स्वस्त असते, अनेक ठिकाणी फार लहान वयात सुरू करता येते, आणि वाऱ्याची, वेगाची व हाताच्या समन्वयाची जी समज तिथे येते ती पुढे कायम राहते. युरोपीय नियमांत ग्लायडरवरील स्वतंत्र उड्डाणाचा दहावा हिस्सा, कमाल १० तासांपर्यंत, खासगी परवान्यासाठी धरला जातो.

नववा टप्पा: कर्ज, शिष्यवृत्ती आणि घरच्यांचा पैसा

कर्ज घ्यायचेच असेल तर ते मार्गाच्या शेवटच्या भागासाठी राखावे. पहिले शंभर तास बचतीतून आणि शेवटचे घटक कर्जातून, असे केल्यास व्याज थोड्या काळाचे लागते आणि आपण हे पूर्ण करू शकतो याची खातरजमाही झालेली असते. शिक्षण संपल्यावर पहिला हप्ता कधी सुरू होतो हे विचारावे, आणि नोकरी अठरा महिने मिळाली नाही तर हप्ता कोण व कशातून भरणार, याचे उत्तर कागदावर लिहावे. राहते घर तारण ठेवणार असाल तर घरातील सर्वांसमोर हे गणित मांडणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे असे मी मानतो. वैद्यकीय कारणाने परवाना गेल्यास भरपाई देणारा विमा काही ठिकाणी प्रशिक्षणार्थींनाही मिळतो. कर्ज मोठे असेल तर त्याची चौकशी करावी.

शिष्यवृत्त्या संपूर्ण खर्च क्वचितच भागवतात, पण एखादा घटक भागवतात. महिला वैमानिकांची १९२९ मध्ये स्थापन झालेली नाइन्टी-नाइन्स ही आंतरराष्ट्रीय संघटना अमेलिया इअरहार्ट यांच्या नावाने शिष्यवृत्ती देते. ब्रिटनमधील ऑनरेबल कंपनी ऑफ एअर पायलट्स आणि अमेरिकेतील एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन यांच्याही शिष्यवृत्त्या आहेत. शासकीय योजना, समाजनिहाय सवलती आणि स्थानिक न्यास यांची माहिती आपल्या देशाच्या नियामकाकडे आणि समाजकल्याण खात्याकडे मिळू शकते. अर्जात विमानाचे बालपणापासूनचे आकर्षण सांगण्यापेक्षा आतापर्यंत काय पूर्ण केले, किती तास झाले आणि ही रक्कम नेमक्या कोणत्या घटकावर खर्च होईल, हे लिहिलेले अर्ज अधिक वजनदार ठरतात.

दहावा टप्पा: परवाना हाती आल्यानंतर

व्यावसायिक परवाना मिळाला म्हणजे खर्च संपला, असे समजू नये. दोघा वैमानिकांनी मिळून विमान चालवण्याचे प्रशिक्षण आणि त्यानंतर विशिष्ट विमानाचे, उदाहरणार्थ एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ चे, टाइप रेटिंग लागते. अमेरिकेत ते सहसा कंपनी देते. अनेक देशांत ते उमेदवाराच्या माथी येते, किंवा कंपनी खर्च करून काही वर्षांच्या सेवेचा करार करून घेते. नोकरीचे पत्र हाती नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग घेणे हा या मार्गावरील सर्वांत धोकादायक खर्च आहे, कारण कंपनीला हवे असलेले विमान वेगळे निघू शकते आणि सराव नसलेल्या रेटिंगचे मोल झपाट्याने कमी होते. प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसून तास मिळवण्यासाठी उलट आपणच पैसे भरायचे, अशा प्रस्तावांपासून दूर राहावे.

नोकरी लगेच मिळेलच असे नाही. २००१, २००८ आणि २०२० या वर्षांत भरती अचानक थांबली आणि परवाना हाती असलेले हजारो तरुण वाट पाहत राहिले. त्या काळासाठी निराळी रक्कम बाजूला ठेवावी, कारण इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेवर नूतनीकृत न झाल्यास मुलाखतीचे बोलावणे येऊनही उपयोग होत नाही. दर महिन्याला एक-दोन तासांचे उड्डाण किंवा सिम्युलेटर, आठवड्यातून दोन संध्याकाळी सिद्धान्ताची उजळणी, आणि शक्य असल्यास प्रशिक्षकाचे रेटिंग घेऊन शिकवण्याचे काम, एवढे चालू ठेवता आले तर हात आणि डोके दोन्ही तयार राहतात. शिकवताना तास तर मिळतातच, शिवाय विद्यार्थ्याची चूक होण्यापूर्वी ती ओळखण्याची जी नजर तयार होते, ती पुढे दोघांच्या कॉकपिटमध्ये दररोज कामी येते.